फॉर्जेटसाहेबांचे चरित्र

वर्सोव्याहून कामधंद्यानिमित्त मुंबईस जाणाऱ्या आमच्या बंधुभगिनींपैकी पुष्कळांनी ताडदेवच्या बाजूस असलेल्या फॉर्जेट स्ट्रीटचे नाव ऐकले असेल. ज्या गृहस्थांच्या नावाची ही खूण आहे ते चार्ल्स फॉर्जेट 1857 च्या धामधुमीत मुंबईच्या पोलिसांचे मुख्य अधिकारी होते, आणि पलटणींतील कटाचा छडा लावण्याचे बिकट काम त्यांच्याच अंगावर येऊन पडले. त्यांचे चरित्र वाचकांस सादर करण्यात आमचा हेतू एवढाच की, कानांवर आलेली गोष्ट व डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट यांत किती अंतर असते, हे त्यावरून ध्यानी यावे.

फॉर्जेट यांचे वडील मद्रासच्या तोफखान्यात नोकरीस होते. मुलगा याच देशात वाढला. युरोपियन व देशी अशा दोन्ही रक्तांचा वारसा लाभल्यामुळे येथील भाषा, चालीरीती व जातिधर्माचे आचार त्यांस बाळपणापासून अवगत झाले. दक्षिण महाराष्ट्रातील मुलखात त्यांनी चांगला लौकिक मिळविला, व 1855 मध्ये त्यांची मुंबईस नेमणूक झाली. वेषांतर करून वस्तीत हिंडावे, लोकांचे बोलणे ऐकावे, आणि खरे काय ते स्वतः पारखून घ्यावे, ही त्यांची पद्धत. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी कडेकोट पहारा ठेवून त्यांस आव्हान दिले असता, झाडूवाल्याच्या वेषाने ते थेट गव्हर्नरांच्या निजावयाच्या खोलीत जाऊन पोहोचले, अशी आख्यायिका सांगतात.

1857 साली उत्तर हिंदुस्थानात बंड पेटले, तेव्हा मुंबईत गोरे शिपाई सुमारे 400 होते, आणि देशी पायदळाच्या 10 व्या व 11 व्या पलटणी व मरीन बटालियन अशा तीन देशी पलटणी होत्या. शहर भयभीत झाले होते. फॉर्जेट यांनी पोलीस कचेरीच्या आवारात फाशीचा खांब उभारला, आणि ज्यांच्याविषयी त्यांस संशय होता अशांस बोलावून तो दाखविला. हा उपाय कठोर खरा. त्याचे मंडन आम्ही करीत नाही.

त्याच वर्षीच्या मोहरमात एका रात्री 10 व्या पलटणीतील एका ख्रिस्ती ढोलवाल्याने दारूच्या नशेत हिंदूंच्या मिरवणुकीतील देवाची विटंबना केली. पोलिसांनी त्यास धरताच पलटणीतील शिपाई खवळून बाहेर पडले आणि पोलिसांनाच कैद करून आपल्या लाइनीत घेऊन गेले. त्यांच्या सुटकेसाठी गेलेल्या पोलिसांशी मारामारी झाली, व पलटण रस्त्यावर लोटू लागली. फॉर्जेट घोडा भरधाव सोडून तेथे आले, आणि त्यांच्या घोडेस्वार पोलिसांची तुकडी येऊन पोहोचेपर्यंत त्यांनी त्या संतप्त जमावास थोपवून धरले. एका माणसाच्या बेतालपणाने सारे शहर कसे पेटू शकते, हे आपण सर्वांनीच स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

पुढे काही शिपाई सोनापुरात गंगाप्रसाद नावाच्या इसमाच्या घरी जमतात, अशी खबर आली. फॉर्जेट यांनी त्यास गुपचूप रात्री उचलून आणून त्याजकडून सर्व हकीकत काढून घेतली. परंतु धाकाने वदविलेल्या कबुलीवर त्यांनी विसंबून राहणे पत्करले नाही. ते स्वतः त्या घरी जाऊन भिंतीच्या भोकांतून बैठक पाहू लागले. मरीन बटालियनचे मेजर बॅरो यांचा आपल्या माणसांवर पूर्ण भरवसा होता. त्यांसही फॉर्जेट यांनी सोबत नेले. स्वतःचेच शिपाई दिवाळीत उठाव करण्याचा बेत ठरविताना पाहून मेजरसाहेब हतबुद्ध झाले.

लष्करी न्यायसभा बसली. मरीन बटालियनचे ड्रिल हवालदार सय्यद हुसेन व 10 व्या पलटणीचे शिपाई मंगल गडरिया यांस 15 ऑक्टोबर 1857 रोजी एस्प्लनेड मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. इतर सहा जणांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या काळच्या सरकारने ज्यांस राजद्रोही ठरविले, त्यांस आज देश हुतात्मा म्हणून वंदन करतो. शोध अचूक होता. पण शिक्षेचे क्रौर्य मनास चटका लावल्यावाचून राहत नाही.

त्याच सुमारास आणखी एक कुजबूज उठली. मुंबईतील शिक्षणसंस्थांचे आधारस्तंभ नाना शंकरशेट हेही बंडवाल्यांस सामील आहेत, असा संशय त्यांजवर घेण्यात आला. भीतीच्या दिवसांत अशा आरोपास पुराव्याची गरज भासत नाही. नुसते नाव उच्चारले की पुरे होते. परंतु एल्फिन्स्टनसाहेबांनी घाई न करता तपास फॉर्जेट यांजकडे सोपविला, आणि त्यांनी कसून चौकशी करून आरोप निराधार असल्याचे कळविले. नाना निष्कलंक ठरले, व 1865 मध्ये वारले तोवर त्यांची लोकसेवा चालू राहिली.

1864 मध्ये पोलिसांची सूत्रे फ्रँक सौटर यांजकडे गेली. फॉर्जेट विलायतेस राहिले. तेथे त्यांनी हिंदुस्थानच्या कारभाराविषयी एक पुस्तक लिहिले, आणि 1890 मध्ये त्यांचे देहावसान झाले.

सोनापुरातील घराची हकीकत लोक अद्याप चवीने सांगतात. आमच्या मते नाना शंकरशेटांची चौकशी ही त्यांची अधिक मोठी कामगिरी होय. अपराध्यास हुडकणारे चतुर अधिकारी पुष्कळ होतील. सारे गाव एखाद्याकडे बोट दाखवीत असता त्याचे निरपराधित्व शोधून काढावयास मात्र चातुर्याबरोबर सचोटीही लागते. आपल्या वाडीत, आपल्या बंदरावर कोणाविषयी काही बोलले गेले, तर ते पुढे सांगण्यापूर्वी क्षणभर थांबून खरेखोटे पाहावे, इतके तरी या चरित्रापासून आपण घ्यावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.