बाबासाहेबांच्या कोटाचे माप

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी बाबासाहेबांची भूमिका करावी, असे आमच्या मराठीच्या बाईंनी सुचवले तेव्हा मागच्या बाकांवरची मुले मोठ्याने हसली. मुलगी आणि बाबासाहेब! पण बाईंनी माझा आवाज ऐकून मनाशी पक्के केले होते. प्रवेश दहा मिनिटांचा होता. संवाद दोन दिवसांत पाठ झाले. अडचण आली ती कोटाची.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, जालन्यात मामा चौकाच्या पुढे एका तयार कपड्यांच्या दुकानाच्या पायरीवर मशीन टाकून बसतात. पूर्वी ते शर्ट-पँट शिवत. आता शिवून घेणारे उरले नाहीत, म्हणून लोक आत विकत घेतात आणि बाहेर अण्णा ते त्यांच्या अंगाबरोबर करून देतात. काज-बटण आणि तुरपाई घरी आई व मी करते. आमच्या घराण्यात कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे कॉलेजातून मी काय आणते याकडे सगळ्यांचे लक्ष असते. त्या वेळी मी आणला तो एक निळा कोट. जुन्या मालातला, पुरुषांच्या मापांतला सर्वांत लहान, छत्तीसचा. अंगात घातला तर खांदे माझ्या खांद्यांच्या पुढे दोन बोटे लोंबत होते, बाह्यांनी अर्धे पंजे गिळले होते आणि मानेमागे कॉलर उचलली जाऊन पोकळी दिसत होती. धाकटा भाऊ म्हणाला, शेतातले बुजगावणे झाले आहे.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरचा फोटो खाली काढला. हा फोटो जन्मल्यापासून मी पाहत आले आहे. पण त्या रात्री अण्णांनी तो शिंप्याच्या नजरेने दाखवला. शिवण खांद्याच्या हाडावर जिथे संपायला हवी तिथेच संपली आहे. कॉलर मानेला बसली आहे. बटण लावले तरी पोटावर ओढ नाही. मनगटाजवळ सदऱ्याची कड बोटभर बाहेर आहे. अण्णांचे म्हणणे असे की बाकीचे सगळे दुरुस्त होते. बाही आखूड करता येते, बाजू आत घेता येते, पँटची मोहरी उसवून दुमडता येते, पण खांदा चुकला की कोट चुकला. म्हणून गिऱ्हाइकाला ते आधी खांदा पाहून घ्यायला सांगतात. माझ्या कोटाचा खांदाच चुकला होता. दोन्ही बाह्या काढून मुंढ्यापासून तो पुन्हा बसवावा लागणार होता. दिवसा गिऱ्हाइकांचे काम, म्हणून हे रात्री करायचे ठरले. अण्णा उसवत आणि मी कॉलेजच्या ग्रंथालयातून आणलेले धनंजय कीरांचे चरित्र आणि बाबासाहेबांच्या स्वतःच्या आठवणी मोठ्याने वाचत असे. पुढे जे लिहिते आहे ते त्या रात्रींचे आहे. चरित्र सर्वांना ठाऊक आहे. मी ते कपड्यांच्या अंगाने वाचले, एवढेच.

भीमराव रामजी यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सैन्यात सुभेदार होते, घराणे कोकणातल्या आंबडव्याचे. साताऱ्याला शाळेत असताना भीमराव वर्गात वेगळे बसत, आणि बसायचे गोणपाट घरून नेत. गावात परीट होता, त्याचे पैसे द्यायची ऐपतही होती. पण परीट त्यांचे कपडे धुवायला घेत नसे. घरच्या बहिणी कपडे धूत. न्हावीही हात लावत नसे, थोरली बहीणच केस कापत असे. हे वाचताना अण्णांचा हात थांबला. माप घेताना शिंप्याला अंगाला हात लावावाच लागतो, एवढेच ते म्हणाले. अण्णांच्या वडिलांनी शिवण का शिकून घेतली, हे आमच्या घरात कोणी कधी फोडून सांगितले नव्हते. त्या रात्री आजीने सांगितले. गावात त्यांचे माप कोणी घेत नसे.

१९०१ साली वडील गोरेगावला नोकरीला होते. त्यांना भेटायला भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे साताऱ्याहून निघाले. आगगाडीचा पहिलाच प्रवास. त्यासाठी विलायती पद्धतीचे नवे सदरे शिवले, चकचकीत टोप्या आणल्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. मसूरच्या स्टेशनवर ती उतरली, पण न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने पोशाख पाहून मुले ब्राह्मणाची असावीत असे समजून आपुलकीने चौकशी केली. मुलांनी जात खरी सांगितली. त्या माणसाचा चेहरा उतरला, तो मागे सरला. पुढे दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा कुठे गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवान पायी चालणार. रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या अंगावर त्या वेळी घरातले सर्वांत चांगले कपडे होते. मला वाटते, कपडा कुठपर्यंत पोचवतो आणि कुठे सोडून देतो, हे ते तिथेच शिकले असावेत. तरीही त्यांनी पुढे चांगले कपडे घालणे सोडले नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. त्यासाठी गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळूसकरांनी खटपट केली होती. याच कॉलेजातले प्राध्यापक म्यूलर त्यांना पुस्तके देत आणि कपडेही देत. हे वाक्य चरित्रात एका ओळीत येऊन जाते. अण्णांनी मला ते पुन्हा वाचायला लावले. साहेबाचा कपडा चाळीतल्या मुलाच्या अंगाला कसा बसला असेल? अण्णांचा अंदाज असा की बाह्या नक्कीच आत घेतल्या असतील. दुसऱ्याच्या मापाचा कपडा आपल्या अंगाला बसवायचे काम बाबासाहेबांना माझ्याच वयात करावे लागले, या विचाराने मला थोडा धीर आला. लग्न तर त्याच्याही आधी झाले होते, आणि परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यास चालत होता.

बी. ए. झाल्यावर १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले आणि जुलैत ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ साली एम. ए., १९१६ साली लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये परतावे लागले. करारानुसार बडोद्याला नोकरी. तिथे शिपाई फायली लांबून टेबलावर फेकत. राहायला घर मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी पथिकाश्रमात वरच्या मजल्यावर ते एकटे राहिले. अकराव्या दिवशी सकाळी जेवण करून, कपडे घालून ते कचेरीत निघाले होते, तोच डझनभर पारशी लाठ्या घेऊन जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. परदेशात शिकलेला, इंग्रजी पोशाखातला तो तरुण अधिकारी दिवसभर घर शोधत फिरला, शेवटी कामाठी बागेत बसून रात्रीच्या गाडीने मुंबईला आला.

१९१८ ला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, १९२० ला शाहू महाराजांच्या मदतीने ‘मूकनायक’, मग पुन्हा लंडन. या वेळी पैशांची फारच ओढाताण होती. किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरात ते राहत, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस काढत. १९२३ पर्यंत डी. एस्सी. आणि बॅरिस्टरी दोन्ही हाती आले.

बॅरिस्टर झाल्यावरही मसूरचे स्टेशन संपले नाही. १९२९ साली चाळीसगावला त्यांना न्यायला वस्तीतली माणसे आली. पण एकही टांगेवाला महाराला बसवून न्यायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला वस्तीतलाच एक जण बसला. त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा कलंडला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि पाय मोडला. आमच्या जवळची घटना १९३४ ची. वेरूळ पाहायला निघाले असताना ते सहकाऱ्यांसह दौलताबादच्या किल्ल्यावर आले. ओळख न देता फिरायचे असे त्यांनी ठरवले होते. रमजानचा महिना. दाराशी असलेल्या हौदावर धुळीने माखलेले हातपाय धुतले, आणि पाणी बाटवले म्हणून गर्दी जमली. पुढे किल्ला पाहू दिला तो सोबत हत्यारबंद शिपाई देऊन, पाण्याला हात लागू नये म्हणून. गेल्या वर्षी आमची सहल तिथे गेली होती. मी हौद शोधत राहिले, मैत्रिणी भुयारात शिरल्या.

महाडचा १९२७ चा सत्याग्रह सर्वांना माहीत आहे. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांशी वेगळे बोलून त्यांना लुगडे वरच्या जातींतल्या स्त्रियांसारखे घोट्यापर्यंत नेसायला आणि गळ्यातल्या-हातातल्या जड कथलाच्या माळा व पाटल्या टाकून द्यायला सांगितले. बऱ्याच बायकांनी घरी परतण्याआधीच नेसण्याची तऱ्हा बदलली. वाचताना आजी मध्येच म्हणाली की तिच्या सासूच्या दंडावर तसल्या कड्यांचे वळ होते. कपडा आणि दागिना कसा असावा यावर गावाची सक्ती असे. इंदूरकडच्या बलाई समाजाला १९२८ साली जरीकाठी पागोटी बांधू नयेत, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत असे फर्मावले होते, आणि त्याचा दाखला बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या निबंधात दिला आहे. हे समजले म्हणजे भिंतीवरच्या फोटोतला सूट वेगळा दिसू लागतो.

आमच्या एका सरांना हा सूट खटकतो. गांधीजींनी १९२१ साली पंचा नेसला आणि १९३१ च्या गोलमेज परिषदेला ते त्याच वेशात लंडनला गेले. बाबासाहेब मात्र साहेबी पोशाखात, असे ते तासाला म्हणाले. सरांबद्दल मला आदर आहे, पण हे पटले नाही. गांधीजीही विद्यार्थी असताना लंडनला सूटच घालत, आणि तो घालू नका असे त्यांना जातीने कोणी सांगितले नव्हते. ज्यांच्या आजोबांना धड पागोटे बांधायची मुभा नव्हती, त्यांच्या नातवाने सूट टाकून काय दाखवायचे? घरी बाबासाहेब लुंगी आणि बंडीवर बसत, हे मात्र खरे.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये ते घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली गेली. मधुमेहाने शरीर खंगत होते. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज निघाले, तेच पुढचे मिलिंद. मराठवाड्यातल्या गरीब घरांतली किती मुले तिथे शिकली! ज्या विद्यापीठाला १९९४ साली त्यांचे नाव मिळाले, त्याच विद्यापीठाची पदवी आपल्याला मिळणार आहे. त्या नावासाठी १९७८ पासून सोळा वर्षे काय काय झाले, ते आजीकडून ऐकायला दुसरा लेख लागेल.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा घेताना अंगावर पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट होता. ६ डिसेंबरला दिल्लीत ते गेले. त्यांचे कोट आणि टोप्या नागपूरजवळ चिचोलीच्या संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. अण्णांना तिथे एकदा जायचे आहे. कोट आतून पाहता आला तर माया किती सोडली आहे ते कळेल, असे ते म्हणतात. चांगला शिंपी कापडात माया ठेवतो, माणूस वाढला तर कोट वाढवता यावा म्हणून. तयार कोटात ती करंगळीएवढीही नसते.

माझ्या कोटाला तीन रात्री लागल्या. अण्णांनी दोन्ही बाह्या उतरवल्या, खडूने रेघ मारून खांदा दोन बोटे कापला, अस्तर मागे घेऊन बाही पुन्हा कच्च्या टाक्यांवर बसवली, मला घालून हात वर-खाली करायला लावले, परत उसवली. पाठीची शिवण आत घेतल्यावर कॉलर मानेवर टेकली. लांबी मात्र त्यांनी सोडून दिली, कारण खालून कापले तर खिसे कडेला येतात. बटणे मी लावली.

संमेलनाच्या दिवशी मी रंगमंचावर गेले तेव्हा मागच्या बाकांवरची मुले होतीच. पहिल्या दोन वाक्यांपर्यंत कुजबूज चालली, नंतर थांबली. तिसऱ्या संवादाला मी एक ओळ विसरले. विंगेतून बाईंनी सांगितली. अण्णा मशीन बंद करून आले होते, शेवटच्या रांगेत उभे. घरी येताना बसमध्ये ते कामाबद्दल काहीच बोलले नाहीत, म्हणून मी विचारले. ते म्हणाले, हात उचललास की डावा खांदा सूतभर वर जातो. आणि जेवण झाल्यावर त्यांनी कोट मांडीवर घेऊन डावी बाही पुन्हा उसवायला घेतली.