गावाचा वाटा मागणारे दिबा

नवी मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरची नावे वाचत गेले, तर वाशी, सानपाडा, नेरूळ, कोपरखैरणे, घणसोली अशी जुन्या गावांचीच नावे भेटतात. शहर नवे असले तरी ही गावे जुनी आहेत. आगरी-कोळ्यांची वस्ती, भाताची खाचरे, मिठागरे आणि खाडी हे त्यांचे जग होते. या गावांचा नव्या शहरात वाटा किती, हा प्रश्न आयुष्यभर लावून धरणारे नेते म्हणजे दिनकर बाळू पाटील. रायगड जिल्ह्यातील घराघरांत ते 'दिबा' म्हणूनच ओळखले जातात.

१३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातील जासई येथे त्यांचा जन्म झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी पनवेलला वकिली सुरू केली. शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर १९५७ मध्ये ते प्रथम विधानसभेत गेले. पनवेलने त्यांना पाच वेळा आमदार केले, दोन वेळा ते खासदार झाले आणि विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदही त्यांनी सांभाळले. पनवेलचे नगराध्यक्षपद भूषविल्यामुळे गटार, पाणी, रस्ता यांचे मोलही ते जाणून होते.

मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळवावी, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांची, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरची जागा शहरासाठी ठरली. प्रत्येक नोडमध्ये घर, शाळा, बाजार आणि स्थानक जवळजवळ असावे, अशी ती आखणी होती. सरकारने जमीन घ्यायची, सिडकोने ती विकसित करून विकायची आणि त्या पैशातून शहर उभे करायचे, असा हिशेब होता. आखणी उत्तम होती, पण तिचा भार शेतकऱ्यावर पडत होता. त्याला मोबदला मिळे तो शेतीच्या भावाने आणि त्याच जमिनीचा भूखंड विकला जाई तो शहराच्या भावाने.

दिबांचा विरोध शहराला नव्हता, या हिशेबाला होता. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात त्यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारीला पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. त्या बलिदानातून आणि पुढच्या वाटाघाटींतून साडेबारा टक्क्यांची योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत, हे तिचे सूत्र. एक एकर, म्हणजे ४० गुंठे गेले, तर हिशेबाने पाच गुंठे येतात. त्यातून सार्वजनिक सुविधांसाठी दीड गुंठा वजा होऊन हाती साडेतीन राहतात. शेत गेलेला माणूस निदान शहराचा भागीदार झाला.

मात्र भूखंड मिळाला तरी गाव अडचणीतच राहिले. कुटुंबे वाढली, भावाभावांची घरे वेगळी झाली, पण गावठाणाची हद्द त्या मानाने वाढली नाही. शेत गेल्यामुळे घर बांधायला जागा उरली नव्हती. मग अंगणात किंवा जुन्या घरावर मजला चढवून जी घरे उभी राहिली, ती कागदावर अनधिकृत ठरली. त्यांना 'गरजेपोटीची घरे' हे नाव पडले. १९९२ मध्ये नवी मुंबई महापालिका अस्तित्वात आली, १९९५ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. महापालिकेच्या हद्दीतल्या गावांच्या ग्रामपंचायती गेल्या आणि गावकऱ्याला मत देण्यासाठी वॉर्ड मिळाला. पण जमिनीची मालकी सिडकोकडे आणि नागरी सेवा महापालिकेकडे, अशा दोन दारांत त्याला खेटे घालावे लागले.

१९९९ मध्ये दिबा शिवसेनेत गेले. पक्ष बदलला तरी प्रकल्पग्रस्तांचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. २४ जून २०१३ रोजी पनवेल येथे त्यांचे निधन झाले. नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे, यासाठी २०२१ मध्ये भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली आणि सिडकोवर मोर्चा नेला. २०२२ मध्ये विधिमंडळाने तसा ठरावही केला.

नाव देणे हा मानाचा भाग झाला. दिबांचे खरे स्मारक मात्र गावठाणाच्या अरुंद गल्लीत व्हायला हवे. तिथल्या घराला नकाशावर जागा मिळेल, तेव्हाच त्यांनी मागितलेला वाटा पुरता पदरी पडेल.