नारायण मेघाजी लोखंडे

मुंबईच्या ताडदेव भागात १८५६ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढील तीस वर्षांत शहरात धुराड्यांची दाटी झाली. कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे पोटासाठी या गिरण्यांत येऊन राहिली. विजेचे दिवे अद्याप आले नव्हते. त्यामुळे सूर्य उगवला की यंत्रे चालू होत आणि मावळला म्हणजे थांबत. हिवाळ्यात कामाचा दिवस लहान असे; उन्हाळ्यात मात्र तो तेरा-चौदा तासांचा होई. आठवड्याची ठरलेली सुट्टी नसे. एखाद्या सणाला गिरणी बंद राहिली, तरी यंत्रे पुसण्यासाठी कामगारांना यावेच लागे.

याहूनही जाचक होती ती पगाराची रीत. महिनाभर राबल्यावर त्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात, तोही कित्येक आठवडे उशिरा हाती येई. मध्येच काम सोडले, तर गिरणीत अडकलेला पगार बुडण्याची भीती. तोवर घर चालवायचे कसे? वाण्याकडून उधारीने दाणे आणावयाचे आणि सावकाराकडून व्याजाने पैसे काढावयाचे. पगार हाती पडताच तो या दोघांच्या हवाली होई. म्हणजे मजुरीचा दर कागदावर कितीही असो, त्यातला काही भाग केवळ उशिरामुळेच कामगाराच्या हातून निसटत असे. वरवर क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट ज्यांनी नीट ओळखली, ते नारायण मेघाजी लोखंडे होत.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका गरीब कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. प्रथम रेल्वेत व नंतर टपाल खात्यात नोकरी करून ते मांडवी येथील एका कापडगिरणीत कोठाराचे काम पाहू लागले. कामगारांचे हाल त्यांनी पाहिले ते तेथेच. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावंत कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यास सुरू केलेले 'दीनबंधु' हे पत्र नारायणरावांनी १८८० साली मुंबईस आणून चालविले. गिरणीकामगारांची गाऱ्हाणी त्यातून नियमाने प्रसिद्ध होऊ लागली.

१८८१ साली सरकारने कारखान्यांचा पहिला कायदा केला. त्यात मुलांपुरते थोडे नियम होते. प्रौढ स्त्रीपुरुषांच्या वाट्यास काहीच आले नाही. १८८४ साली मुंबईत चौकशी मंडळ नेमले गेले, तेव्हा नारायणरावांनी संधी साधली. सप्टेंबर महिन्यात परळ भागात कामगारांच्या मोठ्या सभा भरल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. एवढे तर त्यात होतेच. परंतु आणखी एक मागणी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कामावर जबर इजा झाल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय व्हावी, असे त्या अर्जात लिहिले होते. हात पट्ट्यात सापडलेला मजूर घरी बसविला जाई त्या काळात ही मागणी करणे, हे लहानसहान धाडस नव्हते. याच सुमारास त्यांनी 'मुंबई गिरणीकामगार संघ' ही संस्था स्थापन केली. या संघाला वर्गणी नव्हती, की लेखी नियम नव्हते. कामगारांचा विश्वास हेच त्याचे भांडवल होते.

यश लगेच आले नाही. सहा वर्षे गेली. अनेक गिरणीमालकांना आणि काही वृत्तपत्रांनाही वाटे, की कामाचे तास बांधणारे कायदे म्हणजे विलायतेतील गिरणीवाल्यांचा कावा. त्यात थोडे तथ्य होते, हेही खरे. परंतु त्यामुळे दमलेल्या कामगाराची पाठ दुखावयाची थांबत नव्हती.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. साप्ताहिक सुट्टीचा अर्ज मालकांच्या मंडळाकडे गेला आणि १० जून १८९० रोजी त्या मंडळाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या सरकारी आयोगाच्या मुंबईतील कामात नारायणरावांना सहभागी करून घेण्यात आले. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी व मधली अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली आणि स्त्रियांचे काम ११ तासांवर आणले. पगाराची मुदत आणि इजेची भरपाई मात्र त्यात आली नाही. भरपाईचा कायदा होण्यास १९२३ साल उजाडावे लागले आणि पगार वेळेवर देण्याचा कायदा १९३६ साली झाला.

ते पाहण्यास नारायणराव राहिले नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. लोक शहर सोडून पळू लागले, गिरण्या ओस पडू लागल्या. नारायणराव मागे राहिले आणि रोग्यांसाठी रुग्णालय उभारून त्यांच्या सेवेत गढून गेले. त्याच रोगाने त्यांना गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, पन्नाशीही न गाठता, त्यांचे मुंबईत देहावसान झाले.