द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर, इ.स. १९१०:सोलापूर, महाराष्ट्र - ९ डिसेंबर, इ.स. १९४२:हपै प्रांत, चीन) हे मराठी शल्यचिकित्सक होते. चीन-जपान युद्धात चिनी जखमींच्या शुश्रूषेसाठी इ.स. १९३८ मध्ये भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकाचे ते सदस्य होते. पथकातील इतर चौघे यथावकाश मायदेशी परतले. कोटणीस चीनमध्येच राहिले. तेथे ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले आणि वयाच्या ३२ व्या वर्षी कार्यरत असतानाच मरण पावले. चीनमध्ये ते ख तिहुआ या नावाने ओळखले जातात.

जन्म आणि शिक्षण

कोटणीस यांचा जन्म सोलापूर येथे निम्न मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात झाला. त्यांना दोन भाऊ व पाच बहिणी होत्या. त्या काळी सोलापूर हे कापडगिरण्यांचे आणि हातमागांचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. स्वातंत्र्यचळवळीतही हे शहर अग्रेसर होते. मे १९३० मध्ये ब्रिटिश सरकारने तेथे लष्करी कायदा पुकारला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघा सोलापूरकरांना येरवडा येथे फाशी देण्यात आली. कोटणीस यांच्या पिढीतील सोलापूरकर तरुण या वातावरणात वाढले.

वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात गेले. हे महाविद्यालय व त्याला जोडलेले के.ई.एम. रुग्णालय यांचे अधिष्ठाता त्या काळी डॉ. जीवराज मेहता होते. भारतीय डॉक्टरांनी चालविलेली संस्था म्हणून या महाविद्यालयाचे वेगळे स्थान होते. वैद्यकीय पदवी मिळाल्यानंतर कोटणीस पदव्युत्तर शिक्षणाची तयारी करू लागले. याच सुमारास चीनला जाण्याची संधी त्यांच्यापुढे आली.

वैद्यकीय पथकाची पार्श्वभूमी

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर व्यापक आक्रमण केले. चिनी सैन्याजवळ प्रशिक्षित डॉक्टर अत्यंत अपुरे होते. त्या वर्षाच्या अखेरीस आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा येथील काँग्रेस अधिवेशनाने चीनविषयी सहानुभूतीचा ठराव संमत केला. ३० जून १९३८ रोजी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी वृत्तपत्रांतून जनतेला मदतीचे आवाहन केले. देशभरातून सुमारे २२,००० रुपयांचा निधी जमला. त्यातून एक रुग्णवाहिका व वैद्यकीय साहित्याची व्यवस्था करण्यात आली.

पथकाची रचना व संघटन

भारतीय डॉक्टरांची अखिल भारतीय संघटना इ.स. १९२८ मध्ये कलकत्ता येथे स्थापन झाली होती. तीच पुढे इंडियन मेडिकल असोसिएशन म्हणून ओळखली जाऊ लागली. अशा व्यावसायिक संघटनेचा कारभार मध्यवर्ती मंडळ, प्रांतिक शाखा आणि स्थानिक शाखा अशा पायऱ्यांनी चालतो. प्रत्येक पायरीवर निवडून आलेली कार्यकारिणी असते, वर्गणी गोळा होते, हिशेब सभेपुढे ठेवले जातात आणि सभासदाला अडचण आल्यास दाद मागण्याची जागा असते. चीनला गेलेले पथक मात्र या संघटनेचे नव्हते. ते एका राजकीय पक्षाने, एका विशिष्ट कामासाठी आणि मर्यादित मुदतीकरिता उभे केले होते. निधी जमविणे, सदस्यांची निवड करणे, साहित्य खरेदी करणे आणि प्रवासाची सोय लावणे ही कामे काँग्रेसच्या यंत्रणेने केली. मात्र पथक परदेशी पोहोचल्यावर त्याचा दैनंदिन कारभार तिच्या हाती राहणे शक्य नव्हते.

पथकात पाच डॉक्टर होते. अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल हे पथकाचे प्रमुख होते. स्पेनच्या यादवी युद्धातील वैद्यकीय कामाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी आणि सोलापूरचे कोटणीस हे इतर सदस्य होते. बसू यांची निवड आयत्या वेळी झाली. त्यांच्या जागी आधी निवडलेले डॉ. रणेन सेन यांना सरकारने पारपत्र नाकारले होते. निवड काँग्रेसने करावयाची, पण देशाबाहेर कोणी जावयाचे हे ब्रिटिश सरकारने ठरवावयाचे, अशी ही स्थिती होती.

१ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक राजपुताना या बोटीने मुंबईहून निघाले. हाँगकाँगमार्गे ते कॅन्टन येथे पोहोचले. तेथे सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. त्या अध्यक्ष असलेली चीन संरक्षण संघ ही संस्था चीनसाठी परदेशातून निधी व औषधे मिळविण्याचे काम करीत असे. सप्टेंबरअखेर पथक हँकाऊ येथे दाखल झाले.

चीनमधील कार्य

चीनमध्ये आल्यावर पथकाला कोठे काम द्यावयाचे हे चिनी रेड क्रॉस संस्था ठरवीत असे. हँकाऊ, इचांग व पुढे चुंगकिंग येथील रुग्णालयांत सदस्यांनी काम केले. आघाडीवर जाऊन, विशेषतः उत्तरेकडील आठव्या मार्गसेनेच्या प्रदेशात काम करण्याची त्यांची इच्छा होती. परंतु राष्ट्रवादी सरकारची त्यास सहजासहजी संमती मिळत नव्हती. या प्रतीक्षेत असतानाच कोटणीस यांना सोलापूरहून वडिलांच्या निधनाची वार्ता समजली. कुटुंबाची जबाबदारी ध्यानी घेऊन त्यांनी परत जावे, असे सहकाऱ्यांचे मत होते. कोटणीस यांनी पथकासोबत राहण्याचा निर्णय घेतला.

जानेवारी १९३९ मध्ये पथकाने चुंगकिंग सोडले आणि १२ फेब्रुवारी १९३९ रोजी ते येनान येथे पोहोचले. तेथे माओ त्से-तुंग यांनी सदस्यांची भेट घेतली. याच काळात पाचही जणांनी चिनी नावे घेतली व प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी चीन या अर्थाचे हुआ हे अक्षर जोडण्यात आले. पुढे पथक विरळ होत गेले. चोळकर व मुखर्जी इ.स. १९३९ मध्ये भारतात परतले. प्रकृती बिघडल्यामुळे अटल यांनाही इ.स. १९४० मध्ये परतावे लागले. त्यानंतर कोटणीस व बसू हे दोघेच मागे राहिले.

इ.स. १९४० मध्ये हे दोघे वूताई पर्वताच्या परिसरातील जपानविरोधी तळाच्या प्रदेशात गेले. तेथील सेनेचे प्रमुख न्ये रोंगझेन होते. त्या वर्षीच्या मोठ्या मोहिमेत कोटणीस यांनी आघाडीलगत शस्त्रक्रिया केंद्र चालविले. त्या काळात त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले व एका प्रसंगी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या, अशी नोंद आढळते. या प्रदेशात पक्क्या इमारतीचे रुग्णालय नव्हते. शेतकऱ्यांच्या घरांत जखमींना ठेवले जाई आणि शत्रूची चाल कळताच रुग्ण, औषधे व हत्यारे हलवावी लागत. नाकेबंदीमुळे भूल देण्याच्या औषधांचाही तुटवडा असे.

इ.स. १९४० च्या अखेरीस बसू येनानला परतले. कोटणीस मात्र तळाच्या प्रदेशातच राहिले. मुंबईहून निघालेल्या पथकाचा तेथे आता एकच सदस्य उरला होता.

बेथ्यून रुग्णालयाचे संचालक

कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी याच प्रदेशात जखमींची सेवा केली होती. शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाच्या संचालकपदी जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस यांची नेमणूक झाली. त्यामुळे पाहुणे डॉक्टर म्हणून आलेल्या कोटणीस यांच्यावर संस्थेचा कारभार चालविण्याची जबाबदारी आली. रुग्णालयाला जोडून वैद्यकीय विद्यालय होते व कोटणीस तेथे अध्यापनही करीत. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली होती व ते याच भाषेत शिकवीत. विद्यार्थ्यांसाठी शल्यचिकित्सेवरील पाठ्यपुस्तक त्यांनी पूर्ण केले. दुसऱ्या, अधिक विस्तृत पुस्तकाचे लेखन मात्र त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले.

जुलै १९४२ मध्ये ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले.

कौटुंबिक जीवन व मृत्यू

बेथ्यून विद्यालयात परिचर्या शिकविणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी कोटणीस यांचा इ.स. १९४१ च्या अखेरीस विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. भारत व चीन या अर्थाच्या दोन अक्षरांपासून त्याचे नाव यिनहुआ असे ठेवण्यात आले. हे नाव न्ये रोंगझेन यांनी सुचविले होते.

अतिश्रम, अपुरे अन्न आणि युद्धकाळातील जीवन यांमुळे कोटणीस यांची प्रकृती ढासळत गेली होती. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारासाठी अन्यत्र जाण्याऐवजी ते काम करीत राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या तीव्र झटक्यांनंतर त्यांचे निधन झाले. त्या वेळी मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. सहकारी डॉ. बसू इ.स. १९४३ मध्ये भारतात परतले. यिनहुआ यांनीही वैद्यकीय शिक्षण घेतले. परंतु शिक्षण पूर्ण होण्याआधीच वयाच्या पंचविशीत त्यांचे निधन झाले. गुओ छिंगलान यांचे निधन इ.स. २०१२ मध्ये झाले.

स्मारके व वारसा

कोटणीस यांची समाधी चीनमधील शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मारक उद्यानात आहे. डॉ. बेथ्यून यांचीही समाधी याच उद्यानात आहे. चीनने इ.स. १९८२ व इ.स. १९९२ मध्ये, तर भारताने इ.स. १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. इ.स. १९६२ च्या युद्धानंतर दोन्ही देशांचे संबंध दुरावले, तरी भारतभेटीवर येणारे चिनी नेते पुढील काळातही कोटणीस कुटुंबीयांची भेट घेत राहिले.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी इ.स. १९४४ मध्ये त्यांच्या जीवनावर इंग्रजी पुस्तक लिहिले. त्याच्या आधारे व्ही. शांताराम यांनी इ.स. १९४६ मध्ये डॉ. कोटणीस की अमर कहानी हा हिंदी चित्रपट काढला. त्यात कोटणीस यांची भूमिका स्वतः शांताराम यांनी, तर पत्नीची भूमिका जयश्री यांनी केली.

डॉ. बसू यांनी चीनमध्ये जाऊन अ‍ॅक्युपंक्चर उपचारपद्धतीचे शिक्षण घेतले आणि भारतात तिचा प्रसार केला. त्यांच्या पुढाकाराने इ.स. १९७० च्या दशकात कोटणीस स्मारक समिती स्थापन झाली. या समितीने अ‍ॅक्युपंक्चर उपचारकेंद्रांच्या रूपाने काम पुढे चालविले. काँग्रेसने उभे केलेले मूळ पथक काम संपताच विसर्जित होणारे होते. स्मारक समिती मात्र दीर्घकाळ काम करील अशा रीतीने स्थापन झाली व कोटणीस यांची स्मृती तिने रुग्णसेवेशी जोडली.

सोलापुरात नवी पेठ या मुख्य बाजारभागापासून फार दूर नसलेल्या भैय्या चौकात कोटणीस यांचे निवासस्थान आहे. सोलापूर महानगरपालिकेने तेथे त्यांचे स्मारक उभारले असून ते इ.स. २०१२ मध्ये पूर्ण झाले.