चूक कुठवर पोचते?

एकाने चुकायचे आणि दुसऱ्याने भोगायचे, हे संसारात रोजच घडते. पण त्या चुकीची भरपाई मागायची कुठवर? हा प्रश्न मनात आला की मला अमेरिकेचे न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो आठवतात.

१८७० साली न्यूयॉर्कच्या एका ज्यू घराण्यात ते जन्मले. वडीलही न्यायाधीश, पण भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळे १८७२ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. लहानपणीच आई गेली. थोरल्या बहिणीने, नेलीने, त्यांना आईची माया दिली. कार्डोझोंनी लग्न केले नाही. १९२९ मध्ये नेली वारली, तोवर भावंडे एकत्रच राहिली.

१९२१ मध्ये त्यांच्यापुढे एक खटला आला. बफेलोजवळ विजेच्या गाडीची दारे उघडी राहिली आणि एक प्रवासी पुलाजवळ बाहेर फेकला गेला. नात्यातला भाऊ त्याला अंधारात शोधायला निघाला आणि पुलावरून पडून जखमी झाला. कंपनी म्हणाली, हा स्वतःहून गेला, आमचा संबंध संपला. कार्डोझोंनी ते मानले नाही. संकटातल्या माणसासाठी कुणीतरी धावणारच, हे आधीच ओळखता येते. म्हणून मूळ चुकीची साखळी तेवढ्याने तुटत नाही.

१९२८ चा खटला मात्र चटका लावतो. न्यूयॉर्कच्या एका स्टेशनावर १९२४ मध्ये रेल्वेचे दोन नोकर एका उतारूला चालत्या गाडीत चढवत होते. त्याचे पुडके खाली पडले. आत फटाके होते! स्फोट झाला, दूरचा वजनकाटा कोसळला आणि तिथे उभी असलेली एक बाई जखमी झाली. खालच्या न्यायालयाने तिला सहा हजार डॉलर दिले होते. कार्डोझोंनी ते रद्द केले. साध्या पुडक्यामुळे इतक्या दूरच्या बाईला धोका होईल, हे नोकरांना कसे कळावे? सातपैकी तीन न्यायाधीशांना हे पटले नाही. त्यांच्या वतीने न्यायमूर्ती अँड्र्यूज यांनी लिहिले की चूक सगळ्यांच्याच बाबतीत चूक असते. प्रश्न फक्त कारण किती निकटचे, एवढाच.

कायद्याचे विद्यार्थी आजही यावर वाद घालतात. मला त्या बाईची बाजू सोडवत नाही. पण सीमाच नसेल तर कुणी कुणाला मदतीचा हात देणार नाही, हेही पटते.

१९३२ मध्ये कार्डोझो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९३८ मध्ये निवर्तले. वडिलांच्या चुकीची भरपाई त्यांच्याकडे कुणी मागितली नव्हती. निष्कलंक राहून त्यांनी ती जन्मभर फेडली, असे मला वाटते.