विश्वभाषेचा शिल्पकार

रशियन साम्राज्याच्या पश्चिम भागात ब्यालिस्टोक नावाचे एक शहर होते. आज ते पोलंड देशात आहे. कापडाच्या धंद्यामुळे तेथे दाट वस्ती होती. परंतु ती एकजीव नव्हती. ज्यू, पोलिश, रशियन आणि जर्मन असे निरनिराळे समाज तेथे शेजारी शेजारी राहत. प्रत्येकाची भाषा वेगळी. एकाचे बोलणे दुसऱ्यास कळत नसे, आणि न कळणाऱ्या बोलण्यात काहीतरी वाईटच असावे असा संशय मात्र येई. अशा या शहरात १५ डिसेंबर १८५९ रोजी एका ज्यू कुटुंबात लुडविक झामेनहॉफ यांचा जन्म झाला.

रस्त्यावरची भांडणे पाहून लहानग्या लुडविकचे मन व्यथित होई. सर्वांना येणारी एखादी भाषा असती तर ही माणसे अशी भांडली नसती, असे त्यास वाटू लागले. भांडणाचे कारण केवळ भाषा नसते, हे थोरांना ठाऊक असते. परंतु बालवयात मनाने घेतलेला ध्यास त्या मुलाने जन्मभर सोडला नाही.

वडील मार्कुस हे भाषांचे शिक्षक होते. १८७३ साली हे कुटुंब वॉर्सा येथे राहावयास गेले. तेथील शाळेत लुडविक लॅटिन व ग्रीक शिकला. प्रारंभी त्यास वाटले, की प्राचीन भाषाच सर्वांनी पुन्हा बोलावी. परंतु तिचे व्याकरण सामान्य माणसास कसे झेपावे? पुढे त्याने इंग्रजीचा अभ्यास केला. तीत नामांची व क्रियापदांची रूपे फार थोडी असतात, हे पाहून त्यास धीर आला. व्याकरण आटोपशीर करता येते, हे त्यास उमगले.

खरी अडचण होती ती शब्दांची. कोणत्याही भाषेचा कोश पाहिला तरी त्यात सहस्रावधी शब्द! ते पाठ कोण करणार? शब्दपाठांतराचा कंटाळा कोणत्या विद्यार्थ्यास येत नाही! लुडविकने प्रथम एकदोन ध्वनींचे अगदी आखूड शब्द स्वतः बनवून पाहिले. परंतु ते इतके निर्जीव होते, की स्वतः त्यासही लक्षात ठेवता येईनात. तेव्हा त्याने हा मार्ग सोडला आणि युरोपातील अनेक लोकांच्या परिचयाचे असे शब्द निवडण्याचे ठरविले. तरीही त्यांची संख्या काही कमी होईना.

एके दिवशी रस्त्याने जाताना दोन पाट्यांनी त्याचे लक्ष वेधले. एक होती द्वारपालाच्या खोलीवरची, दुसरी मिठाईच्या दुकानावरची. दोन्ही रशियन शब्दांच्या शेवटी ‘स्काया’ हा एकच प्रत्यय होता. या पाट्या त्याने पूर्वी अनेकदा वाचल्या होत्या. आज मात्र त्याच्या मनात प्रकाश पडला. दूध विकतो तो दूधवाला आणि टांगा हाकतो तो टांगेवाला, हे आपल्यास वेगळे शिकावे लागत नाही. त्याचप्रमाणे थोडे मूळ शब्द आणि थोडे प्रत्यय दिले, तर उरलेले शब्द बोलणारा स्वतःच घडवील!

त्याच्या भाषेत ‘साना’ म्हणजे निरोगी. ‘माल’ हा उपसर्ग उलट अर्थ दाखवितो. म्हणून ‘मालसाना’ म्हणजे आजारी. त्यापासून ‘मालसानुलो’ म्हणजे रोगी, आणि ‘मालसानुलेयो’ म्हणजे रुग्णालय. ‘लेर्नी’ म्हणजे शिकणे, तर ‘लेर्नेयो’ म्हणजे शाळा. रुग्णालय व शाळा यांसाठी निराळे मूळ शब्द कोशात घालण्याची गरजच उरली नाही.

१८७८ सालच्या डिसेंबर महिन्यात लुडविकने शाळासोबत्यांना घरी जमवून या भाषेचा जन्मोत्सव साजरा केला. पुढील वर्षी तो वैद्यकीच्या शिक्षणासाठी मॉस्कोस निघाला, तेव्हा वडिलांनी त्याच्या वह्या आपल्याकडे ठेवून घेतल्या. मुलाचे अभ्यासातील लक्ष उडेल, ही त्यांची चिंता होती. त्या वह्या त्यांनी पुढे जाळून टाकल्या, असे सांगतात. परत आल्यावर लुडविकने सारे काम नव्याने आरंभिले. तो त्या भाषेत लिही, भाषांतरे करी, विचारही तिच्यातच करू पाही. कागदावर निर्दोष वाटलेले कित्येक शब्द वापरताना अडखळत. ते त्याने निर्दयपणे वगळले.

१८८५ साली लुडविक डॉक्टर झाले आणि पुढे नेत्रवैद्य म्हणून काम करू लागले. पुस्तक तयार होते. परंतु ते छापणारा मिळेना. अखेरीस त्यांची वाग्दत्त वधू क्लारा हिच्या वडिलांनी द्रव्यसाहाय्य केले. २६ जुलै १८८७ रोजी वॉर्सा येथे रशियन भाषेत ते लहानसे पुस्तक निघाले. व्याकरणाचे १६ नियम आणि सुमारे ९०० मूळ शब्द, एवढीच त्यातील पुंजी. लेखकाचे नाव होते डॉक्टर एस्पेरांतो, म्हणजे आशा बाळगणारा डॉक्टर. पुढे लोकांनी भाषेलाच एस्पेरांतो हे नाव दिले.

आपला या भाषेवर कोणताही हक्क नाही, ती सर्वांची आहे, असे त्यांनी त्या पुस्तकातच जाहीर केले. मला हा निर्णय त्यांच्या शोधापेक्षाही मोठा वाटतो. १८९४ साली भाषेत बदल करावे की नाही, असा प्रश्न निघाला, तेव्हा तो त्यांनी आपल्या नियतकालिकाच्या वर्गणीदारांच्या मतास टाकला. बहुमत बदलाविरुद्ध पडले व त्यांनी ते मानले.

१९०५ साली फ्रान्समधील बूलोन येथे पहिले विश्वसंमेलन भरले. निरनिराळ्या देशांची शेकडो माणसे दुभाष्यावाचून परस्परांशी बोलली. संमेलन संपताच डॉक्टर वॉर्साच्या गरीब वस्तीतील आपल्या रोग्यांकडे परतले. त्यांच्याकडून ते अल्प शुल्क घेत. त्यामुळे संसाराची ओढाताण कधी संपली नाही.

पहिले महायुद्ध चालू असतानाच १४ एप्रिल १९१७ रोजी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांची तीनही मुले, अॅडम, सोफिया आणि लिडिया, नाझींच्या क्रौर्यास बळी पडली. त्यांपैकी लिडियाने युरोपातील अनेक देशांत व अमेरिकेतही जाऊन आपल्या पित्याची भाषा शिकविली होती.