रंगांचे गुरुजी : प्रा. कृष्णस्वामी वेंकटरामन

गणपती जवळ आले की घरोघरी आरास सुरू होते. मखराभोवती पताका, मूर्तीला पीतांबर, गौरींना नव्या साड्या आणि विसर्जनाला गुलाल. हे रंग येतात कुठून, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. शंभर वर्षांपूर्वी कापडाच्या रंगांपुरते याचे उत्तर सोपे होते : परदेशातून. आज ते तसे नाही आणि या बदलामागे ज्यांचे कष्ट आहेत, त्यांत एका प्राध्यापकाचे नाव अगदी वरचे आहे. ते जन्माने मराठी नव्हते, पण आयुष्यातील सत्तेचाळीस वर्षे त्यांनी मुंबई आणि पुण्याला दिली. त्यांचे नाव प्रा. कृष्णस्वामी वेंकटरामन.

एके काळी नीळ, मंजिष्ठ, हळद, लाख हे आपले रंग जगभर जात. १८६९ च्या सुमारास जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेतील लाल रंग प्रयोगशाळेत तयार केला. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि आपल्या निळीचा व्यापार बसला. मुंबईच्या गिरण्या जर्मन रंगांवर चालू लागल्या. बडोद्यात महाराज सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढले, तेथे त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली रंगकामाचे शिक्षणही सुरू झाले. परंतु रंगाचा डबा तयार मिळत होता. तो रंग बनतो कसा, हे ज्ञान डब्याबरोबर येत नव्हते. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला, तेव्हा हे परावलंबन सर्वांनाच जाणवले.

वेंकटरामन यांचा जन्म ७ जून १९०१ रोजी मद्रासला झाला. तेथील विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते सरकारी शिष्यवृत्तीवर मँचेस्टरला गेले. मँचेस्टर हे कापडगिरण्यांचे माहेरघर. तेथे त्यांना गुरू लाभले रॉबर्ट रॉबिन्सन. झाडाफुलांतील रंगद्रव्यांचा अभ्यास करणाऱ्या या रसायनज्ञाला पुढे १९४७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पीएच.डी. मिळवून वेंकटरामन मायदेशी परतले. काही काळ बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काढून ते लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवू लागले.

त्यांचे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले ते लाहोरच्या कामामुळे. अनेक फुलांत आणि लाकडांत पिवळी द्रव्ये असतात, त्यांना फ्लेव्होन म्हणतात. ती प्रयोगशाळेत बनवण्याची सोपी वाट त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी महल यांनी शोधली. रेणूमध्ये ऑक्सिजनला चिकटलेला एक गट अल्कलीच्या योगाने सुटतो आणि शेजारच्या कार्बनवर जाऊन बसतो. नंतर आम्लाने कडे जोडले की फ्लेव्होन तयार. ब्रिटनमध्ये विल्सन बेकर यांनाही त्याच सुमारास, १९३३ मध्ये, हीच अभिक्रिया स्वतंत्रपणे सापडली. म्हणून आज ती बेकर-वेंकटरामन पुनर्रचना या नावाने ओळखली जाते.

१९३४ मध्ये ते मुंबईला आले. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे आपल्याकडे सर्वांना ठाऊक असलेले यूडीसीटी, आदल्याच वर्षी सुरू झाला होता. १९३८ मध्ये ते त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. १९४३ मध्ये विभाग माटुंग्याच्या स्वतःच्या जागेत गेला. गिरण्यांचे भोंगे ऐकू येणाऱ्या त्या शहरात विद्यार्थ्यांना कापड रंगवण्याच्या कृतीबरोबरच रंगाच्या रेणूची रचनाही शिकवली जाऊ लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी जर्मन रंगकारखान्यांची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केले. वर्षानुवर्षे कुलपात असलेली गुपिते उघडी झाली, पण ती असंख्य कागदांत विखुरलेली होती. वेंकटरामन यांनी हे अहवाल, पेटंटे आणि शोधनिबंध चाळून, निवडून, सुसंगत मांडले. त्यातून १९५२ मध्ये कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ न्यूयॉर्कहून दोन खंडांत प्रसिद्ध झाला. सुमारे चौदाशे पानांचे हे काम. पुढे त्यांच्याच संपादनाखाली आणखी सहा खंड निघाले, शेवटचा १९७८ मध्ये. ज्या देशाने रंगाचे ज्ञान बाहेरून मागायचे, त्या देशातल्या प्राध्यापकाचे पुस्तक जगभरच्या रंगरसायनज्ञांच्या टेबलावर गेले. त्याच १९५२ साली वलसाडजवळ अतुलच्या रंगकारखान्याचे पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झाले. अशा कारखान्यांना जाणती माणसे हवी होती आणि ती घडवण्याचे काम माटुंग्यात चालू होते.

१९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली. आधीचे दोन्ही संचालक, मॅकबेन आणि फिंच, परदेशी होते. येथेही पहिले भारतीय संचालक वेंकटरामनच. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

पुण्यात या कृत्रिम रंगांच्या पंडिताने पुन्हा आपल्या मातीतले रंग हाती घेतले. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे वाढतात. लाख धुताना तिचा लाल रंग पाण्याबरोबर वाहून जाई. आपल्या आज्या-पणज्यांचा अळता याच रंगाचा. हे एकच द्रव्य नसून अनेक जवळच्या द्रव्यांचे मिश्रण आहे, हे स्पष्ट करण्यात आणि त्यांची रचना उलगडण्यात त्यांच्या गटाचा मोठा वाटा आहे. कोकण-गोव्यातल्या प्रत्येक वाडीत दिसणाऱ्या फणसाच्या पिवळ्या गाभ्यातील द्रव्येही त्यांनी अभ्यासली. आपले पूर्वज हे रंग वापरत होतेच, आता त्यांची कुंडली कळली.

१९६६ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी आले त्यांचेच विद्यार्थी डॉ. बा. द. टिळक. गुरूची खुर्ची शिष्याने सांभाळावी, याहून मोठा निरोपसमारंभ कोणता? त्यांचे दुसरे विद्यार्थी नित्या आनंद यांनी लखनौच्या औषध संशोधन संस्थेत सहेली ही गर्भनिरोधक गोळी विकसित केली. तिसरे, ए. व्ही. रामा राव, हैदराबादच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे संचालक झाले आणि औषधनिर्मितीत त्यांनी मोठे काम केले. कन्या धर्मा कुमार या नामवंत अर्थ-इतिहासकार. स्वतः वेंकटरामन मात्र निवृत्तीनंतरही पुण्यात संशोधन आणि लेखन करत राहिले. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज आपल्याकडे रंगाचे कारखाने भरपूर आहेत. त्यांच्यापैकी काहींचे सांडपाणी नद्या-नाल्यांना रंगवते, हेही आपण पाहतो. रंग बनवण्याची विद्या एका पिढीने कष्टाने मिळवली. तो रंग पाण्यात जाऊ न देण्याची विद्या आचरणात आणणे हे आपल्या पिढीकडे राहिलेले काम आहे. यंदा विद्येच्या देवतेपुढे आरास मांडताना या गुरुजींचीही आठवण ठेवू या.